शाळेच्या संगणक कक्षात २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच बसवताना: केबलपासून व्हीलॅनपर्यंत

घरी चार उपकरणं जोडायची असतील तर पाच पोर्टचा (केबल लावायच्या पाच जागांचा) साधा नेटवर्क स्विच आणा, केबल लावा, काम संपलं. हा लेख त्यासाठी नाही. शाळेचा संगणक कक्ष, कार्यालय, कॅमेरे आणि वाय-फाय एकाच जाळ्यावर आणायचं ठरलं की प्रश्न सुरू होतात. मुलांच्या संगणकावर कार्यालयाचा प्रिंटर का दिसतोय? कॅमेरे नेमके रात्रीच का बंद पडतात? एक वायर भलत्या ठिकाणी लागली तर सगळ्या शाळेचं नेट का जातं? अशी बहुतेक दुखणी स्विच बसवतानाच टाळता येतात.

समजायला सोपं जावं म्हणून एक ठरावीक उदाहरण घेऊ. कक्षात विद्यार्थ्यांचे १० संगणक आणि शिक्षकांचा १, कार्यालयात २ संगणक आणि १ नेटवर्क प्रिंटर, ३ आयपी कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा १ एनव्हीआर, १ वाय-फाय ॲक्सेस पॉइंट आणि १ राउटर. एकूण २० जोडण्या. तुमचा दवाखाना, क्लास किंवा सीएचं ऑफिस असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

१. आधी कागदावर पोर्टचा तक्ता

स्विच विकत घेण्याआधी हा तक्ता तयार हवा, कारण किती पोर्ट लागतील, कुठल्या पोर्टवर वीज द्यायची आणि कोणाला कोणापासून वेगळं ठेवायचं हे त्यातूनच कळतं. आपल्या उदाहरणाचा तक्ता असा:

- पोर्ट १: राउटर
- पोर्ट २: ॲक्सेस पॉइंट
- पोर्ट ३ ते ५: कॅमेरे
- पोर्ट ६: एनव्हीआर
- पोर्ट ७ ते १७: संगणक कक्ष (७ शिक्षकांचा, ८ ते १७ विद्यार्थ्यांचे)
- पोर्ट १८ ते २०: कार्यालय आणि प्रिंटर
- पोर्ट २१ ते २३: रिकामे, बंद ठेवलेले
- पोर्ट २४: फक्त स्विचच्या सेटिंगसाठी, लॅपटॉप लावायला

२० जोडण्यांसाठी २४ पोर्ट बरोबर बसतात. २३-२४ जोडण्या होत असतील तर मात्र पुढचा आकार घ्या. शाळेत वर्षभरात एखादा संगणक किंवा कॅमेरा वाढतोच. मग कोणीतरी टेबलाखाली पाच पोर्टचा साधा स्विच लावून देतो आणि तक्त्याला काही अर्थ राहत नाही.

२. कोणता स्विच घ्यायचा

बाजारात तीन प्रकार मिळतात. अनमॅनेज्ड स्विचला सेटिंगच नसतं. स्मार्ट किंवा वेब-मॅनेज्ड स्विच ब्राउझरमधून लावता येतो आणि त्यात व्हीलॅन (एकाच स्विचचे आतून वेगळे केलेले भाग), लूप (केबल फिरून त्याच स्विचला लागणं) संरक्षण वगैरे असतं. पूर्ण मॅनेज्ड स्विचमध्ये कमांड लाइनसकट सगळं मिळतं. आपल्या कामाला स्मार्ट प्रकार पुरतो. मात्र माहितीपत्रकात चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघून घ्या: ८०२.१क्यू व्हीलॅन, रॅपिड स्पॅनिंग ट्री (लूप रोखणारी सोय), डीएचसीपी स्नूपिंग (डीएचसीपी म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं; ते भलत्याच उपकरणाने करू नये यासाठीची राखण), आणि सगळे पोर्ट गिगाबिट. स्वस्त मॉडेलमध्ये डीएचसीपी स्नूपिंग बऱ्याचदा नसतं. शाळेत त्याची गरज पडते, कारण पुढे येईल.

कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट यांना नेटवर्क केबलमधूनच वीज द्यायची असेल तर पीओई स्विच लागतो. इथे हिशेब दोन आकड्यांचा आहे. एका पोर्टला किती वीज मिळते हा पहिला: ८०२.३एएफ प्रकारात पोर्टवर १५.४ वॅट, त्यातले उपकरणापर्यंत १२.९५ वॅट खात्रीने पोचतात, ८०२.३एटी प्रकारात पोर्टवर ३० आणि उपकरणाला २५.५ वॅट. दुसरा आकडा पूर्ण स्विचचा, म्हणजे पीओई बजेट. लोक तो बघायचा विसरतात. पोर्ट २४ आहेत म्हणून चोवीसही पोर्टना एकाच वेळी पूर्ण वीज मिळेलच असं नाही.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकातला कमाल वॅटचा आकडा धरा, सरासरीचा नको. दिवसा ४-५ वॅट खाणारा कॅमेरा अंधार पडल्यावर इन्फ्रारेड दिवे लावतो आणि त्याची गरज एकदम वाढते. "रात्रीच बंद पडतो" या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. आपल्याकडे प्रत्येकी कमाल १० वॅटचे ३ कॅमेरे आणि १३ वॅटचा १ ॲक्सेस पॉइंट धरला तर ४३ वॅट होतात. त्यावर पाव भाग राखीव ठेवला की ५५ वॅटच्या आसपास बजेट हवं. चारच उपकरणांसाठी सगळ्या २४ पोर्टवर पीओई असलेला महागडा स्विच परवडत नसेल, तर बिनपीओईचा २४ पोर्टचा स्विच घेऊन चार वेगळे इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे छोटे डबे) लावले तरी चालतं. पण इंजेक्टर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. २४ किंवा ४८ व्होल्टचे 'पॅसिव्ह' इंजेक्टर समोरचं उपकरण वीज घेऊ शकतं का हे न विचारताच ती सोडतात. चुकून संगणकाला लागले तर त्याचा नेटवर्क पोर्ट जळू शकतो.

३. सामान, हत्यारं आणि कागद

केबल: कॅट ६, शंभर टक्के तांब्याची. राउटर आणि एनव्हीआर रॅकमध्येच राहतात, म्हणजे भिंतीतून ओढायच्या केबल १८. प्रत्येकी सरासरी १५ मीटर धरली तर २७० मीटर होतात. खोका ३०५ मीटरचा येतो. हिशेबाने पुरतो, पण शेवटी उरणारे ७-८ मीटरचे तुकडे कशालाच पुरत नाहीत, म्हणून दुकानदाराकडून आणखी ३०-४० मीटर सुट्टी घेऊन ठेवा, त्याच कंपनीची.

बाकी सामान: भिंतीवरचा ६यू रॅक (यू हे रॅकच्या उंचीचं माप), २४ पोर्टचा पॅच पॅनेल (भिंतीतल्या केबल जिथे संपतात ती रॅकमधली जॅकची पट्टी), १ यू केबल मॅनेजर, रॅकची वीजपट्टी, केज नट आणि स्क्रू, १८ भिंतीवरचे आय/ओ बॉक्स किंवा कीस्टोन जॅक, अर्धा मीटरचे २४ आणि दोन मीटरचे १८ तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल), पीव्हीसी पट्टी किंवा पाइप, वेल्क्रो, ६०० व्हीएचा यूपीएस.

हत्यारं: पंचिंग टूल, क्रिम्पिंग टूल, स्ट्रिपर, लॅन टेस्टर, मल्टीमीटर, ड्रिल, नंबर छापायचं लेबल मशीन (नसेल तर पक्क्या शाईचा मार्कर आणि वर पारदर्शक चिकटपट्टी), नेटवर्क पोर्ट असलेला लॅपटॉप.

कागद: इमारतीचा साधा नकाशा, इंटरनेट कंपनीकडून मिळालेलं जोडणीचं नाव आणि पासवर्ड, राउटरचा ॲडमिन पासवर्ड, स्विचचं जीएसटी बिल. वॉरंटीसाठी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. स्विच रॅकमध्ये बसला की मागचा किंवा खालचा स्टिकर दिसत नाही, म्हणून बसवण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. मॅक ॲड्रेस, हार्डवेअर व्हर्जन, कधीकधी मूळ पासवर्ड हे सगळं त्याच स्टिकरवर असतं.

४. केबल ओढणं

नेटवर्क नीट चालणार की रडत चालणार हे इथे ठरतं, म्हणून घाई नको.

सर्वात मोठी फसवणूक सीसीए केबलची. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. खोक्यावर 'कॅट ६' लिहिलेलं असतं आणि भाव निम्म्याच्या आसपास सांगितला जातो. ओळखायची रीत सोपी: एक तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर परत करा. खोकाही हाताला हलका लागतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत वीज पुरेशी पोचत नाही आणि केबल तापते. शिवाय जॅकमध्ये पंच केलेली तार काही महिन्यांनी तुटते किंवा सैल होते.

लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यातली भिंतीतली पक्की केबल ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड मिळून १० मीटर. विजेच्या वायरिंगच्या पट्टीतून नेटवर्क केबल कधीच नेऊ नका. समांतर न्यायचीच असेल तर वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटर तरी अंतर ठेवा. ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. वळण केबलच्या जाडीच्या किमान चौपट त्रिज्येचं हवं. कोपऱ्यात हातोडीने दाबून बसवलेली केबल टेस्टरवर पास होते आणि गिगाबिटवर चुका देते.

जोडणीचा रंगक्रम टी५६८बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. "दोन्हीकडे सारखं असलं म्हणजे झालं" असं समजून काहीजण रंगांच्या जोड्या सरळ ओळीने लावतात: नारिंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळ्याची, तपकिरीची. साध्या टेस्टरवर एक ते आठ दिवे बरोबर लागतात, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. प्रत्यक्षात तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळाच्या जोडीवर असावी लागते. ती वेगळ्या जोड्यांवर गेली की सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि वेग १०० एमबीपीएसवर येतो किंवा नेट येत-जात राहतं. म्हणून रंगक्रम पाठ करण्याऐवजी तो छापून रॅकजवळ चिकटवा आणि प्रत्येक जॅक त्याच्याशी ताडून बघा. पीळ सोडवताना १३ मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळा करू नका.

भिंतीतली केबल थेट प्लगमध्ये क्रिम्प करून स्विचला लावायचा मोह टाळा. ती एकसंध तारेची असते, वारंवार हलवली की तुटते. भिंतीत जॅक, रॅकमध्ये पॅच पॅनेल आणि मधे तयार लवचिक पॅच कॉर्ड, हीच योग्य रचना. कॅमेऱ्यापाशी मात्र प्लग लावावाच लागतो. तिथे एकसंध तारेसाठीचा प्लग मागून घ्या आणि उघड्यावरचा जोड पाणीबंद डबीत ठेवा. पावसाळ्यात पाणी केबलवरून ओघळून आत जातं, म्हणून डबीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा एक वेढा द्या. पाणी तिथूनच टपकेल.

प्रत्येक केबलला ओढतानाच दोन्ही टोकांना नंबर लावा. पॅच पॅनेलचा ९ नंबर म्हणजे स्विचचाही पोर्ट ९, आणि भिंतीवरच्या बॉक्सवरही ९. पुढे कोणीही माणूस आला तरी त्याला विचारत बसावं लागत नाही. भिंतीतली भोकं शेवटी सिमेंटने बुजवा, उंदीर केबलचं आवरण कुरतडतात.

दुसऱ्या इमारतीत कनेक्शन न्यायचं असेल तर तांब्याची केबल नको, अंतर ४० मीटर असलं तरी. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि वळवाच्या पावसातल्या विजा अशा केबलमधून येऊन दोन्हीकडचे स्विच घालवतात. तिथे फायबर टाका. सिंगल मोड फायबर आणि दोन्ही टोकांना त्याच प्रकारचे एसएफपी मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा, फायबर जोडायचा छोटा भाग) लावा. एकाच धाग्यावर चालणारं बायडी मॉड्यूल घेतलं तर ती जोडीनेच घ्यावी लागतात: एका टोकाचं १३१० नॅनोमीटरवर पाठवणारं, दुसऱ्या टोकाचं १५५० वर. दोन्ही एकसारखी आणली तर दिवा लागणारच नाही.

५. रॅक आणि वीज

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर रॅक लावू नका. तिथे पावसाळ्यात ओल येते आणि उन्हाळ्यात भिंत तापते. मुलांच्या हाताला लागणार नाही पण स्टुलावर उभं राहून काम करता येईल अशी उंची ठेवा. रॅक घेताना त्याची खोली स्विचच्या खोलीपेक्षा किमान १० सेंटीमीटर जास्त आहे ना ते मोजा, नाहीतर मागची वीज केबल दाराला अडते. स्विचच्या बाजूच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. वर एनव्हीआर ठेवू नका, तो स्वतःच तापतो.

मल्टीमीटरने सॉकेटमधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजा. २-३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून बराच जास्त आला, किंवा अर्थ पिन नुसती शोभेची निघाली, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. स्विचवर अर्थचा वेगळा स्क्रू असतो, त्यापासून रॅकला आणि रॅकपासून मुख्य अर्थिंगला हिरवी वायर जोडा. राउटर, स्विच आणि एनव्हीआर तिन्ही यूपीएसवर ठेवा. एकटा स्विच यूपीएसवर आणि राउटर बाहेर, असं असेल तर लाइट गेली की नेट जातंच.

६. पहिलं लॉगिन

अजून राउटर जोडू नका. स्विच चालू करून लॅपटॉप पोर्ट २४ ला लावा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, नाहीतर ब्राउझर भलत्याच उपकरणाचं पान उघडेल.

मूळ पत्ता स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळतो. टीपी-लिंकच्या बहुतेक स्विचचा १९२.१६८.०.१, डी-लिंकच्या स्मार्ट मालिकेचा १०.९०.९०.९०, सिस्कोच्या छोट्या कार्यालयांसाठीच्या मालिकेचा १९२.१६८.१.२५४. लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला पत्ता हाताने द्या. स्विच १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉप १९२.१६८.०.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. डी-लिंकसाठी १०.९०.९०.५० आणि मास्क २५५.०.०.०. आता लॅपटॉपवरून स्विचला पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते बघणारी कमांड चालवा. उत्तर आलं की ब्राउझर उघडा.

लॉगिन झाल्यावर क्रम असा: पासवर्ड बदला, फर्मवेअर (स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, मग पत्ता बदला. फर्मवेअर उतरवताना मॉडेलसोबत हार्डवेअर व्हर्जनही जुळलं पाहिजे. एकाच नावाच्या स्विचच्या व्ही१ आणि व्ही३ यांची फाइल वेगळी असते. चढवताना वीज गेली तर स्विच निकामी होऊ शकतो, म्हणून हे यूपीएसवरच करा.

स्विचला कायमचा पत्ता १९२.१६८.१.२ द्या आणि गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१. सेव्ह दाबताच पान अडकेल, तसंच अपेक्षित आहे. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५० करून नव्या पत्त्यावर पुन्हा शिरा आणि स्विचची वेळ भारतीय प्रमाणवेळेवर, म्हणजे अधिक ५:३० वर लावा. वेळ चुकीची असेल तर लॉगमधल्या नोंदी वाचून काही कळत नाही.

७. व्हीलॅन

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आतून वेगळे केलेले भाग. नंबर १ ते ४०९४ मधले चालतात. आपण असे ठेवू:

- १: व्यवस्थापन, १९२.१६८.१.क्ष
- १०: संगणक कक्ष, १९२.१६८.१०.क्ष
- २०: कार्यालय, १९२.१६८.२०.क्ष
- ३०: कॅमेरे, १९२.१६८.३०.क्ष
- ४०: पाहुण्यांचं वाय-फाय, १९२.१६८.४०.क्ष

पत्त्याचा तिसरा आकडा आणि व्हीलॅनचा नंबर सारखा ठेवला की पत्ता बघूनच उपकरण कुठलं ते कळतं.

पुढे जाण्यापूर्वी राउटरकडे वळा, कारण बहुतेकजण इथेच अडकतात. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरला सहसा आतल्या बाजूचे असे व्हीलॅन समजत नाहीत. स्विचवर सगळं बरोबर केलं तरी कक्षातल्या संगणकांना ना पत्ता मिळतो ना नेट. त्याच्या पुढे व्हीलॅन समजणारा राउटर लावावा लागतो, उदाहरणार्थ मायक्रोटिकचा हेक्स किंवा टीपी-लिंकचा ईआर६०५. त्यात पाचही व्हीलॅनचे पत्ते आणि पाचही ठिकाणचं डीएचसीपी तयार करा. नव्या राउटरच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला एकच पट्टा येऊ देऊ नका. जिओफायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो, तिथे अडचण नाही. कंपनीचा राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर त्याचा आतला पट्टा बदला किंवा कंपनीकडून ब्रिज मोड (त्यांचा राउटर जोडणी नुसती पुढे देतो) करून घ्या.

आता स्विचवर पोर्ट लावा. ज्या पोर्टवर एकच साधं उपकरण आहे तो अनटॅग्ड. ज्यावरून अनेक व्हीलॅन जायचे आहेत तो टॅग्ड, म्हणजे माहितीवर व्हीलॅनच्या नंबराची खूण राहते.

- पोर्ट १: व्हीलॅन १ अनटॅग्ड, १०, २०, ३०, ४० टॅग्ड
- पोर्ट २: व्हीलॅन १ अनटॅग्ड, २० आणि ४० टॅग्ड
- पोर्ट ३ ते ६: ३० अनटॅग्ड, पीव्हीआयडी ३०
- पोर्ट ७ ते १७: १० अनटॅग्ड, पीव्हीआयडी १०
- पोर्ट १८ ते २०: २० अनटॅग्ड, पीव्हीआयडी २०
- पोर्ट २४: १ अनटॅग्ड, हात लावू नका

अनटॅग्ड केल्याने स्विचमधून बाहेर जाणारी माहिती कुठल्या व्हीलॅनची ते ठरतं. पीव्हीआयडीने आत येणारी कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची ते ठरतं. अनेक स्मार्ट स्विचमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या पानांवर असतात. पहिलं पान भरून लोक थांबतात, आणि मग दिवा लागतो पण संगणकाला पत्ता मिळत नाही. तिसरी पायरीही आहे: पोर्ट ३ ते २० व्हीलॅन १ मधून काढून टाका. ते आपोआप निघत नाहीत. राहिले तर व्यवस्थापनाच्या भागातलं प्रसारण मुलांच्या संगणकांपर्यंत जात राहतं.

शब्दांचाही घोळ आहे. सिस्कोच्या भाषेत 'ट्रंक' म्हणजे टॅग्ड पोर्ट. एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह मालिकेत आणि डी-लिंकच्या मेनूत 'ट्रंक' म्हणजे दोन-चार पोर्ट बांधून केलेली एक जाडी जोडणी. एका कंपनीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या कंपनीचा स्विच लावताना हे ध्यानात ठेवा.

काम पोर्ट २४ वरूनच करा, आणि तो पोर्ट व्हीलॅन १ मधून काढू नका. आपण बसलो तीच फांदी तोडल्यासारखं होतं: स्विच चालू, पण आत शिरायला वाट नाही, मग रिसेट करून पहिल्यापासून सुरुवात.

नुसते व्हीलॅन केल्याने वेगळेपण पूर्ण होत नाही, हे मात्र पक्कं लक्षात घ्या. बरेच राउटर एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायला मुळातच मोकळी वाट ठेवतात. राउटरमध्ये नियम लिहा: १० मधून १, २० आणि ३० कडे बंद, ४० मधून इतर सगळीकडे बंद, २० मधून ३० कडे चालू, म्हणजे मुख्याध्यापकांना एनव्हीआर बघता येईल, ३० मधून इंटरनेट बंद. मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील तर फक्त एनव्हीआरच्या पत्त्याला इंटरनेट उघडा. कॅमेऱ्यांना बाहेर जायची गरज नाही, वेळसुद्धा ते एनव्हीआरकडून घेऊ शकतात.

८. लूप आणि भटका डीएचसीपी

कक्षात हमखास घडणारी गोष्ट: साफसफाईत पॅच कॉर्डचं एक टोक मोकळं दिसलं म्हणून कोणीतरी ते शेजारच्या भिंतीच्या बॉक्समध्ये लावतं. दोन्ही टोकं एकाच स्विचवर आली. प्रसारण संदेश त्या वर्तुळात फिरत आणि वाढत राहतात, काही सेकंदांत सगळे दिवे एका तालात वेगाने लुकलुकतात आणि सगळं जाळं ठप्प होतं.

उपाय: रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू करा. ते लूप ओळखून एक पोर्ट रोखतं. काही स्मार्ट स्विचमध्ये वेगळं 'लूपबॅक डिटेक्शन' असतं, तेही चालू ठेवा. टेबलाखालच्या साध्या स्विचवर झालेला लूपही त्यात पकडला जातो. संगणकांच्या पोर्टना, म्हणजे ७ ते २० ना 'एज पोर्ट' किंवा 'पोर्टफास्ट' करा. नाहीतर संगणक चालू झाल्यावर स्विच सुमारे ३० सेकंद लूप तपासत थांबतो, तोवर संगणक पत्ता मागून कंटाळतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो.

दुसरा त्रास भटक्या डीएचसीपीचा. कोणीतरी घरचा जुना वाय-फाय राउटर आणून त्याचा लॅनचा पोर्ट भिंतीला लावतो. तो राउटर आपले पत्ते वाटू लागतो आणि कक्षातले निम्मे संगणक त्याचे पत्ते घेतात. नेट काहींना येतं, काहींना नाही. डीएचसीपी स्नूपिंग चालू करून फक्त पोर्ट १ विश्वासू ठेवला की बाकी पोर्टवरून कोणी पत्ते वाटू शकत नाही. पोर्ट १ ला विश्वासू करायचं राहिलं तर सगळ्या शाळेला पत्ते मिळणं बंद होईल, म्हणून आधी तो टिक लावा आणि मगच स्नूपिंग सुरू करा.

पोर्टचा वेग 'ऑटो' राहू द्या. एका टोकाला १०० फुल असं पक्कं केलं आणि दुसरं टोक ऑटोवर राहिलं, तर ते हाफ डुप्लेक्सवर जातं. जोडणी दिसते, पण जरा भार आला की रखडते.

९. सेव्ह, बॅकअप, कुलूप

अनेक स्विचमध्ये 'अप्लाय' दाबलं की बदल लगेच लागू होतो, पण कायमचा जपला जात नाही. वर कोपऱ्यात वेगळं 'सेव्ह' असतं. सिस्कोच्या कमांड लाइनवर 'राइट मेमरी'. ते राहिलं तर पुढच्या लोडशेडिंगनंतर स्विच कोरा होऊन उठतो. सेव्ह केल्यावर मुद्दाम स्विच बंद-चालू करा आणि सेटिंग टिकलं का ते बघा.

कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवा, नावात तारीख घाला. टेलनेट (दुरून लॉगिनची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद करा, ब्राउझरसाठी एचटीटीपीएस चालू करा. एसएनएमपी (दुरून देखरेखीची सोय) वापरत नसाल तर बंद करा, वापरत असाल तर 'पब्लिक' हा सर्वांना माहीत असलेला शब्द बदला. पोर्ट २१ ते २३ बंद करा. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा. लावणारा माणूस शाळा सोडून गेल्यावर पासवर्ड कोणालाच माहीत नाही, असं फार ठिकाणी होतं. पोर्टचा तक्ता रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, पण त्यावर पासवर्ड लिहू नका.

१०. तपासणी

एकेक पोर्ट लावत चला, सगळे एकदम नकोत. प्रत्येक संगणकावर तीन गोष्टी बघा: पत्ता त्याच्या व्हीलॅनचा आला का, जोडणीचा वेग १ जीबीपीएस दिसतो का, नेट उघडतं का. मग उलट तपासणी करा: विद्यार्थ्यांच्या संगणकावरून कार्यालयाच्या प्रिंटरला आणि १९२.१६८.१.२ ला पिंग करा. उत्तर येता कामा नये. ही उलट तपासणी बरेचजण करत नाहीत.

आयपर्फ३ नावाचं मोफत साधन एकाच व्हीलॅनमधल्या दोन संगणकांवर चालवा. निरोगी गिगाबिट जोडणीवर ९४० एमबीपीएसच्या जवळपास आकडा येतो. ९४ आला तर जोडणी १०० वर अडकली आहे. रात्री, कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागल्यावर, पीओईच्या पानावर एकूण वॅट बघा.

११. बिघडलं तर कुठे बघायचं

वेग १०० च्या वर जात नाही: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटली आहे. आधी पॅच कॉर्ड बदला, मग जॅक पुन्हा पंच करा.

दिवा लागतो, पत्ता १६९.२५४ चा: पीव्हीआयडी, मग एज पोर्ट, मग राउटरवरचं त्या व्हीलॅनचं डीएचसीपी, याच क्रमाने बघा.

एकाच खोलीत नेट अधूनमधून जातं: स्विचच्या पोर्ट आकडेवारीत सीआरसी किंवा एफसीएस चुका (वाटेत खराब झालेल्या माहितीची मोजणी) बघा. आकडा वाढत असेल तर दोष केबलचा, इंटरनेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. चुका शून्य असतील तर तोच संगणक दुसऱ्या पोर्टवर लावून बघा.

सगळं एकदम ठप्प आणि स्विचचं पानही उघडत नाही: पोर्ट १ सोडून सगळे पॅच कॉर्ड काढा आणि एकेक परत लावा. ज्या केबलने दिवे पुन्हा वेडे होतात, तिच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा.

पासवर्ड हरवला: समोरच्या बारीक भोकातलं रिसेट बटण टाचणीने दाबून धरा, बऱ्याच मॉडेलला ५ ते १० सेकंद लागतात. थोडकं दाबलं तर स्विच नुसता पुन्हा चालू होतो, लांब दाबलं तर सगळं पुसून मूळ पत्त्यावर जातो. मग जपून ठेवलेली फाइल चढवा. बऱ्याच स्विचमध्ये तिच्यासोबत जुना पासवर्डही परत येतो, म्हणून आठवत नसलेला पासवर्ड त्या फाइलमध्ये असेल तर फाइल न चढवता पोर्टचा तक्ता समोर ठेवून हाताने लावा.